फ्रिज घेताय? आधी टेप काढा, लिटर नंतर बघा

फ्रिज घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो लिटरचा. दोनशेचा पुरेल की अडीचशेचा घ्यायचा? दुकानात गेल्यावरही बोलणं तिथूनच सुरू होतं. घरात माणसं किती, एवढं विचारून विक्रेता एक आकडा सांगतो आणि त्या आकड्याच्या रांगेत नेऊन उभं करतो. माझं सांगणं याच्या उलट आहे. लिटर सगळ्यात शेवटी बघायचे. आधी फ्रिजची जागा, मग त्या जागेपर्यंत जायची वाट, मग तुमच्या घरातली भांडी आणि बाजारहाटाची सवय. हे सगळं एका कागदावर उतरलं की लिटरचा आकडा जवळजवळ आपोआप पुढं येतो.

कोल्हापुरात हा क्रम पाळणं जास्तच गरजेचं आहे, कारण इथली घरं एका साच्यातली नाहीत. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत बोळाच्या आत दोन खणांची जुनी घरं आहेत, तर कळंबा, पाचगाव, फुलेवाडीकडं नवे फ्लॅट झालेत. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आलेली कितीतरी कुटुंबं एका खोलीत स्वयंपाक आणि झोपणं दोन्ही करतात. चार माणसांचं घर तिन्हीकडं आहे, पण तिन्ही घरांना एकच फ्रिज चालणार नाही.

पहिली पायरी : जागा मोजा

स्टीलचा टेप, वही, पेन घ्या आणि सगळी मापं सेंटिमीटरमध्ये लिहा. आपण घर फूट-इंचात बोलतो, पण फ्रिजची मापं कंपन्या मिलिमीटर किंवा सेंटिमीटरमध्ये छापतात. दुकानात उभं राहून रूपांतर करताना हमखास घोळ होतो. १ इंच म्हणजे २.५४ सेंमी, १ फूट म्हणजे साधारण ३०.५ सेंमी.

रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. खाली फरशीजवळ, कमरेच्या उंचीला आणि वर, अशी तीन ठिकाणी मोजा आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरा. जुन्या घरांच्या भिंती ओळंब्यात नसतात. जाड मातीच्या भिंतीवर गिलाव्याचे थर चढत गेलेले असतात, त्यामुळं खाली ७२ सेंमी असलेली जागा वर ६९ भरते. नव्या फ्लॅटमध्ये भिंती सरळ असतात, पण स्कर्टिंगची पट्टी पुढं आलेली असते आणि ओट्याचा ग्रॅनाइट भिंतीच्या बाहेर बोटभर डोकावत असतो. फ्रिज अडतो तो नेमका अशा बोटभर गोष्टींनी.

उंची मोजताना वर माळा, भिंतीतलं कपाट, एक्झॉस्टची पाइप काय काय आहे ते बघा. खोली मोजताना भिंतीपासून थेट पुढं, जिथवर फ्रिज आलेला चालेल तिथपर्यंत मोजा. सॉकेट नेमकं फ्रिजच्या मागं येत असेल तर प्लगची जाडीही त्यात धरा.

आता या मापांतून हवेची जागा वजा करायची. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. जुन्या फ्रिजच्या मागं काळी जाळी दिसायची, हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून तर चालू फ्रिजच्या बाजूला हात लावला की कोमट लागतं. ती उष्णता बाहेर जायला वाट नसेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल वाढतं आणि मशिनचं आयुष्य घटतं. नेमकं अंतर त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते हातात येईपर्यंत मागं १० सेंमी, दोन्ही बाजूंना ५-५ सेंमी आणि वर १५ सेंमी धरून चाला.

एक हिशोब करून दाखवतो. समजा ओट्याच्या टोकाला फ्रिजसाठी २८ इंच रुंद जागा सोडलेली आहे, वर माळा ६ फुटांवर आहे आणि भिंतीपासून ३० इंच पुढं आलं तरी चालतंय. सेंटिमीटरमध्ये ही जागा ७१ रुंद, १८३ उंच, ७६ खोल झाली. दोन्ही बाजूंचे ५-५ गेले, रुंदी राहिली ६१. मागचे १० गेले, खोली राहिली ६६. वरचे १५ गेले, उंची १६८. पण खाली स्टँड घेणार असाल, आणि आपल्याकडं बहुतेक घेतातच, तर त्याचे सात-आठ सेंमी आणखी जाणार. म्हणजे १६०.

६१ बाय ६६ बाय १६०. या जागेत सिंगल डोअर फ्रिज जवळजवळ कुठलाही बसेल, कारण ते साधारण ५३ ते ५८ सेंमी रुंद आणि ११५ ते १५० सेंमी उंच असतात. त्यातही एखाद्याची खोली ६६ च्या पुढं जाते, तेवढी बघून घ्या. डबल डोअरमध्ये मात्र निवड करावी लागेल. २४०-२६० लिटरचे काही बसतील, काही बसणार नाहीत, आणि अडतील ते रुंदीत नाही तर खोलीत. एकाच लिटरचे दोन फ्रिज असतात, एक उंच आणि बारीक, दुसरा बुटका पण ७० सेंमी खोल. लिटर बघून निवडणाऱ्याला हे दुकानात कळत नाही, घरी आल्यावर फ्रिज ओट्याच्या पुढं वीतभर डोकावायला लागला की कळतं.

तीनशेच्या पुढचे डबल डोअर ६० सेंमी आणि त्याहून रुंद, १६५ ते १७५ सेंमी उंच असतात. दोन पाखांचा साइड बाय साइड ९० सेंमीच्या आसपास रुंद आणि १७५ ते १८० उंच असतो. हवेची जागा धरली तर त्याला एक मीटरची मोकळी भिंत पाहिजे. आपल्याकडच्या नेहमीच्या स्वयंपाकघरात तेवढी भिंत ओटा, मांडणी आणि देवघर सोडून उरत नाही. नवं घर बांधत असाल आणि आराखडा तुमच्या हातात असेल, तरच त्याचा विचार करा.

दार उघडल्यावर काय होतं?

फ्रिजची जागा म्हणजे फक्त तो उभा राहतो तेवढी नव्हे. ५८ सेंमी रुंदीचा फ्रिज दार उघडल्यावर आणखी तेवढाच पुढं येतो, आणि त्याच्यासमोर माणूस वाकून भाजीचा ड्रॉवर ओढणार असतो.

सात फूट रुंदीचं स्वयंपाकघर घ्या. सात फूट म्हणजे २१३ सेंमी. एका बाजूला ओटा ६० सेंमी. समोरच्या भिंतीला ६८ सेंमी खोलीचा फ्रिज, त्याच्या मागं १० सेंमी. उरले ७५. दार उघडलं की त्यातले ५८ गेले. राहिलेल्या १७ सेंमीत कुणी उभं राहू शकत नाही. म्हणजे दर वेळी बाजूला सरकून, कमरेतून वळून सामान काढायचं, आणि त्याच वेळी गॅसवर कुणी भाकरी थापत असेल तर तिला थांबायला लावायचं. सात फुटी स्वयंपाकघरात ओट्यासमोर फ्रिज ठेवू नका. तो ओट्याच्या रांगेत घ्या, नाहीतर स्वयंपाकघराबाहेर काढा. आठ फूट रुंदी असेल तर उघड्या दारापुढं ४८ सेंमी उरतात. त्यात जेमतेम भागतं.

जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून हे आधीच बघता येतं. फ्रिजच्या बुडाच्या मापाचा कागद कापा, तो जागेवर चिकटवा, दाराच्या मापाचा दुसरा कागद पुढं लावा. कागद दोन-तीन दिवस तसाच राहू द्या आणि नेहमीसारखा स्वयंपाक करा. सकाळच्या डब्यांच्या गडबडीत त्या कागदावर कोण कोण पाय देतं, सिलिंडर बदलताना तो मध्ये येतो का, माजघराचं दार त्याच्यावर घासतं का, सगळं दिसतं. दहा मॉडेलं बघून जे कळत नाही ते या कागदानं कळतं.

बिजागरीची बाजूही बघा. बहुतेक फ्रिजचं दार उजव्या बाजूच्या बिजागरीवर, म्हणजे डावीकडून उघडतं. उजवीकडं लगेच भिंत असेल तर दार काटकोनापर्यंत जाऊन मुठीपाशी थटतं. तेवढ्यात काचेचे कप्पे दिसतात, बाटल्या निघतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला बऱ्याच मॉडेलमध्ये दार काटकोनाच्या पुढं जावं लागतं. तसं होत नसेल तर ड्रॉवर दारातल्या रॅकला थटून अर्ध्यावर अडकतो, मागची मेथी मागंच राहते, आणि धुवायला म्हणून तो ड्रॉवर कधी निघतच नाही. दुकानात गेल्यावर दार मुद्दाम काटकोनात धरा आणि ड्रॉवर ओढून बघा. काही मॉडेलचं दार बाजू बदलून लावता येतं, तेही आधीच विचारा.

स्वयंपाकघरात जागा नसेल तर फ्रिज सोप्यात किंवा माजघरात ठेवण्यात काही गैर नाही. पेठांतल्या कितीतरी घरांत तो तिथंच असतो आणि सुखानं चालतो. उलट गॅसपासून लांब राहतो, हवा खेळती मिळते. तिथं रात्री कुणी झोपत असेल तर मात्र फ्रिजचा आवाज किती, ते बघून घ्या. कुठंही ठेवा, पण गॅसच्या शेगडीला खेटून नको आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं त्या खिडकीसमोर नको.

दुसरी पायरी : वाट मोजा

फ्रिज जागेत बसतो, पण जागेपर्यंत पोचतो का? रस्त्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत जा आणि वाटेत जे जे अरुंद आहे ते मोजा. बोळाचं तोंड, दिंडी दरवाजा, उंबऱ्याची उंची, सोप्याचं दार, जिना, जिन्याचं वळण, स्वयंपाकघराचं दार. या सगळ्यांतलं सगळ्यात लहान माप हेच तुमच्या फ्रिजचं खरं माप.

दाराची चौकट अडीच फुटी असली तरी उघडं दार काटकोनात उभं राहिलं की आतली मोकळी जागा ७० सेंमीच्या खाली येते. ५५-६० सेंमी रुंदीचा फ्रिज त्यातून उभ्यानं जातो, पण खोक्यासकट जात नाही. खोकं आणि थर्माकोल धरला तर प्रत्येक बाजूला काही सेंटिमीटर वाढतात. त्यामुळं पेठेतल्या घरात बऱ्याचदा खोकं बोळाच्या तोंडाशीच फोडावं लागतं. पावसाळ्यात फ्रिज येणार असेल तर वर झाकायला ताडपत्री हाताशी ठेवा.

जिन्याचं वळण फसवतं. ६० बाय ६८ सेंमी बुडाचा फ्रिज उभ्यानं वळवायचा तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्याला ९१ सेंमी लागतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण तीन फूट. ज्या वळणाची रुंदी अडीच फूट आहे तिथं तो तिरका करून, कठड्याच्या वरून उचलून घ्यावा लागतो. जुना लाकडी जिना शिडीसारखा उभा असेल तर पन्नास किलोचा फ्रिज आणि दोन हमाल मिळून त्याच्यावर किती भार येईल याचा आधी विचार करा. अशा घरात वरच्या मजल्यावर सिंगल डोअरच न्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या इमारतीत लिफ्ट असते, पण तिचं दार आणि आतली खोली दोन्ही मोजा. छोटा हत्ती दारात उभा करून मग टेप शोधायची वेळ येऊ देऊ नका.

पुराचं पाणी येणाऱ्या भागांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तुमचं घर अशा भागात तळमजल्यावर असेल तर फ्रिज निवडताना एक माप वाढवा, ते म्हणजे वजन.

१८०-२०० लिटरचा सिंगल डोअर साधारण ३५ ते ४० किलोचा असतो. घरातली दोन माणसं तो उचलून टेबलावर किंवा वरच्या मजल्यावर नेऊ शकतात. अडीचशेचा डबल डोअर ५० किलोच्या आसपास जातो, त्याला तिसरा हात लागतो. साइड बाय साइड नव्वद-शंभर किलो भरतो, आणि पाणी चढत असताना तो कुणी हलवत नाही. तुमच्याकडं रात्रीत उचलायला माणसं किती आहेत, तेवढंच वजन घ्या. अशा घरांत मी मोठ्या फ्रिजपेक्षा लहान फ्रिज सुचवतो, मग माणसं पाच असली तरी. पाण्यात भिजलेला फ्रिज वाळला म्हणून लगेच प्लग लावू नका. मिस्त्री तपासेपर्यंत तो बंदच ठेवायचा.

पूर येत नाही तिथंही आपल्याकडच्या पावसाळ्यात फरशीला ओल धरते आणि फ्रिजच्या बुडाचा पत्रा गंजतो. स्टँड त्यासाठीच घ्यायचा.

तिसरी पायरी : तुमच्या घरात फ्रिजमध्ये नक्की काय जातं?

माणसांवरून लिटर ठरवायचा एक ढोबळ हिशोब आहे. एक-दोन माणसांना १६५ ते २००, तीन-चार माणसांना २३० ते ३००, पाच-सहा माणसांना ३०० ते ४०० लिटर. सुरुवात म्हणून तो ठीक आहे. पण तो आठवड्याचं सामान एकदम भरणाऱ्या घरांसाठी आहे. आपल्याकडं लक्ष्मीपुरीत, कपिलतीर्थाला मंडई भरते, दारावर भाजीची गाडी येते, मटण ज्या दिवशी खायचं त्या दिवशी सकाळी आणतात. जे घर एक-दोन दिवसांआड भाजी आणतं त्याला खालचा आकडा पुरतो. दोघंही कामाला जातात आणि रविवारीच सगळा बाजार होतो, त्या घरानं वरचा आकडा धरावा.

त्यानंतर दूध बघा. कोल्हापूरच्या घरात फ्रिजचा मधला कप्पा दुधाचाच असतो. कुणी गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणतं, कुणी गोकुळच्या किंवा वारणेच्या पिशव्या घेतं. तापवलं की ते पातेल्यात जातं, आणि पातेलं ही गोष्ट लिटरमध्ये मोजून चालत नाही. तीन लिटर दुधाला तीन लिटरचं पातेलं पुरत नाही, वर जागा सोडावी लागते, त्यावर झाकण, झाकणाला मूठ. शिवाय विरजणाचं भांडं आणि आठवडाभर साठत जाणारं सायीचं भांडं. म्हशीच्या दुधाची साय जाड येते, लोणी काढायच्या दिवसापर्यंत ते भांडं हलत नाही. म्हणजे रोजची तीन भांडी ठरलेली.

घरातलं सगळ्यात मोठं दुधाचं पातेलं घ्या, झाकण ठेवा आणि टेपनं दोन मापं घ्या, मुठीसकट उंची आणि कानांसकट रुंदी. वहीत लिहा. दुकानात दोन कप्प्यांमधलं अंतर मोजून बघा, तेवढं मिळतं का. कप्पे खाली-वर सरकवता येत असतील तर एक कप्पा काढून टाकल्यावर पातेलं बसेल, पण मग त्या कप्प्यावरचं सामान कुठं जाणार, तेही लगेच मनात मांडा. भांडी शेजारीशेजारी ठेवायची तर कप्प्याची आतली रुंदीही मोजा. बाहेरून ५५ सेंमी रुंद दिसणारा फ्रिज आतून बराच अरुंद असतो, कारण दोन्ही बाजूंना उष्णता अडवणारे जाड थर असतात.

दुसरा प्रश्न रश्श्याचा. रविवारी तांबडा-पांढरा केला की उरतोच, आणि आषाढात त्र्यंबोलीच्या जत्रेला किंवा पाहुणे आल्यावर मोठ्या पातेल्यात उरतो. त्या एका दिवसासाठी मोठा फ्रिज घेऊ नका. रस्सा मोठ्या पातेल्यासकट आत ठेवायचाच नसतो, मोठं पातेलं मधोमध थंड व्हायला फार वेळ लागतो. लहान, पसरट डब्यांत काढला की लवकर निवतो आणि कप्प्यावर डबे एकावर एक बसतात. वाफ गेली की आत ठेवा, स्वयंपाक झाल्यापासून दोन तासांच्या पुढं बाहेर राहू देऊ नका, उन्हाळ्यात त्याच्याही आत.

बर्फाच्या कप्प्याची गरज वेगळी तपासा. सिंगल डोअरमध्ये तो १५ ते २५ लिटरचा आणि आतल्या आतच असतो. बर्फाचे ट्रे, मटारची एक पिशवी, साय एवढं त्यात भागतं. मासे, मटण साठवून ठेवायची सवय असेल, किंवा मटार-मक्याचा मोसम धरून साठा करत असाल तर डबल डोअर पाहिजे. त्याचा वरचा कप्पा अडीचशेच्या फ्रिजमध्ये ५० ते ७५ लिटरचा असतो आणि त्याला वेगळं दार असतं. पण ताजं मटण आणून त्याच दिवशी शिजवणाऱ्या घरात हा कप्पा बर्फाच्या ट्रेपलीकडं रिकामाच राहतो, आणि तेवढे लिटर तुम्ही उगाच विकत घेतलेले असतात.

शेवटी, फ्रिजमध्ये जे जायलाच नको ते यादीतून काढा. कांदे, बटाटे, लसूण, कच्चे टोमॅटो, केळी बाहेरच बरी. लोणचं बरणीत टिकतं. कांदा-लसूण चटणी कोरड्या चमच्यानं घेतली तर बाहेर छान राहते. गूळ पावसाळ्यात पाझरतो, पण त्याला घट्ट झाकणाचा डबा पाहिजे, फ्रिज नको. घरातला सध्याचा फ्रिज एकदा पूर्ण रिकामा करून बघा. या गोष्टी बाहेर ठेवल्या तर लहानच फ्रिज पुरतोय, असं बऱ्याच घरांत दिसेल.

एकटे राहत असाल, शिकायला किंवा नोकरीला नवीन आला असाल, तर ५० ते १०० लिटरचे छोटे फ्रिज बघून मोह होतो. जागा अगदीच नसेल तरच घ्या. त्यात बर्फाचा कप्पा नावापुरता असतो आणि दोन लिटरची बाटली उभी राहीलच असं नाही. १६५ ते १९० चा सिंगल डोअर जमिनीवरची जागा थोडीच जास्त घेतो आणि उद्या लग्न झालं तरी काही वर्षं चालतो. भाड्याच्या घरात हलका आणि सहज दारातून निघेल असाच घ्या, कारण पुढच्या घराची दारं केवढी असतील ते आज माहीत नसतं.

चौथी पायरी : आता दुकानात

कागदावर आता चार गोष्टी आल्या : फ्रिजचं कमाल माप, वाटेतलं सगळ्यात अरुंद माप, पातेल्याचं माप आणि लिटरचा अंदाज. जागेचा फोटो मोबाइलवर घ्या. राजारामपुरीत जा किंवा ऑनलाइन बघा, दसऱ्या-पाडव्याचा मुहूर्त साधा, पण कागद सोबत असू द्या.

लिटरचे दोन आकडे असतात. एक एकूण क्षमता आणि दुसरा प्रत्यक्ष साठवणुकीची क्षमता. दारावर मोठ्या अक्षरात बहुधा पहिला असतो. दुसरा त्याच्यापेक्षा कमी असतो आणि तुमच्या कामाचा तोच. तो ऊर्जा लेबलवर मिळतो, तोच आकडा धरून दोन मॉडेलांची तुलना करा.

त्याच लेबलवर तारे आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेलं असतं. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळं जुन्या लेबलचे चार तारे आणि नव्या लेबलचे चार तारे सारखे नसतात. लेबलवर त्याचा कालावधी असतो तो वाचा, आणि तारे मोजण्यापेक्षा युनिट बघा. वर्षाला २४० युनिट म्हणजे महिन्याला २०. महावितरणच्या बिलात घरगुती दराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात. तुमचं बिल ९० युनिटच्या आसपास असेल तर हे २० युनिट तुम्हाला पुढच्या टप्प्यात नेतील. मोठा फ्रिज घेताना हा खर्च दर महिन्याचा आहे हे लक्षात असू द्या.

सिंगल डोअरमध्ये बर्फ साठतो, तो बटण दाबून वितळवावा लागतो. फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये पंखा थंड हवा फिरवतो आणि बर्फ आपोआप वितळतो, पण वीज सहसा थोडी जास्त लागते. उघडं ठेवलेलं अन्न त्यात सुकतं, झाकणं लावायची सवय पाहिजे.

मापाबद्दल विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. खोली मुठीसकट दिली आहे का? आणि दार पूर्ण उघडल्यावर एकूण खोली किती? उत्तर अंदाजानं आलं तर आपला टेप काढून मोजा. कुणी हसणार नाही, आणि हसलं तरी मोजा.

फ्रिज घरी आल्यावर

खोकं फोडण्याआधी मॉडेलचा नंबर बिलाशी ताडून बघा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये शेवटच्या एक-दोन अक्षरांनी मापं बदलू शकतात. आत नेताना फ्रिज उभाच ठेवा. वाटेत आडवा करावा लागला असेल तर जागेवर उभा करून पुस्तिकेत सांगितलेला वेळ, आणि तसं काही लिहिलं नसेल तर निदान तीन-चार तास, प्लग लावू नका.

सॉकेट अर्थिंगचं, तीन पिनांचं पाहिजे, आणि फ्रिजसाठी स्वतंत्र. मिक्सर, ओव्हन आणि फ्रिज एकाच एक्स्टेंशनवर चालवू नका. जुन्या घरात वायरिंग जुनं असेल तर फ्रिज यायच्या आधी वायरमनला बोलवा.

शहाबादी फरशी कुठंतरी खाली-वर असतेच. स्टँडचे पाय फिरवून फ्रिज डुगडुगणार नाही असा करा, आणि पुढची बाजू किंचित उंच ठेवा, म्हणजे दार सोडलं की आपणहून लागतं. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज सटकली तर तिथं रबर नीट बसलेलं नाही, बसवणाऱ्याला जायच्या आत दाखवा.

चालू केल्यावर रिकामाच काही तास गार होऊ द्या. मधल्या कप्प्यावर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो ४ अंश किंवा त्याच्या खाली दाखवत असेल तर सेटिंग बरोबर आहे. बर्फाच्या वेगळ्या कप्प्यात उणे १८ पाहिजे. उन्हाळ्यात बटण एक घर वाढवावं लागेल, थंडीत पुन्हा खाली आणा.